पंक्चर चाक आणि रस्त्याकडेची वीस मिनिटे

पावसाळ्यातील रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे परतणाऱ्या गर्दीत एक दृश्य हमखास दिसते. भोर घाटाच्या उतारावर एखादी मोटार कडेला उभी असते. तिच्या उजव्या बाजूच्या मागच्या चाकाशी चालक उकिडवा बसलेला असतो, मोबाइलचा उजेड धरून मुलगा शेजारी उभा असतो आणि बाकीची मंडळी पावसामुळे गाडीतच बसून असतात. त्यांच्यापासून हातभर अंतरावरून मालट्रक आणि बसगाड्या धडधडत उतरत असतात. चाक पंक्चर होणे ही तशी किरकोळ बाब. मात्र ते बदलण्यासाठी निवडलेली जागा आणि पाळलेला क्रम चुकला, तर तिचे रूपांतर जिवावरच्या प्रसंगात होण्यास क्षणही लागत नाही. रस्त्याकडेला चाक बदलत असताना मागून आलेल्या वाहनाने चिरडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात, त्या याच कारणाने.

वास्तविक चाक बदलण्याचे काम अवघड नाही. सराव असलेल्या व्यक्तीस त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि लागणारी हत्यारे गाडीतच असतात. हे काम प्रत्येक वाहनचालकाला, स्त्री असो वा पुरुष, जमायलाच हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोठे करू नये, हेही त्याला ठाऊक असायला हवे.

टायर गेला तरी चालेल

चालत्या गाडीचा टायर अचानक फुटला, की गाडी त्या बाजूला ओढली जाते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबणे ही स्वाभाविक, परंतु घातक प्रतिक्रिया ठरते. ब्रेकमुळे गाडीचे वजन पुढच्या चाकांवर येते आणि फुटलेल्या चाकाच्या बाजूने गाडी फिरण्याची भीती वाढते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू उचलावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि डावा इशारा देत एकेक मार्गिका ओलांडून कडेला यावे. हवा हळूहळू कमी होत असेल, तर स्टिअरिंग जड लागणे, गाडी एका अंगाला ओढणे किंवा मागून थडथड आवाज येणे ही त्याची लक्षणे होत.

त्यानंतर प्रश्न येतो तो थांबण्याच्या जागेचा. हवा गेलेल्या चाकावर गाडी चालवली तर टायर खराब होतो, कधी रिमही वाकतो, हे खरे आहे. त्या धास्तीने अनेक जण जिथे कळले तिथेच गाडी उभी करतात. येथे हिशेब स्पष्ट असावा. टायर काही हजार रुपयांत नवा मिळतो. त्यामुळे वळणावर, पुलावर, बोगद्यात, चढ संपून उतार सुरू होतो त्या माथ्यावर किंवा अरुंद घाटरस्त्यावर थांबण्यापेक्षा ताशी दहा-पंधरा किलोमीटर वेगाने, पार्किंगचे चारही दिवे लुकलुकते ठेवून, पुढे जाणे केव्हाही शहाणपणाचे. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाक्याजवळची मोकळी जागा, बस थांब्याचा आत घेतलेला भाग किंवा रुंद साइडपट्टी ही थांबण्यास योग्य ठिकाणे होत. जमीन सपाट आणि कठीण असावी, आणि मागून येणाऱ्या चालकाला गाडी दुरूनच दिसावी.

ट्यूबलेस टायर असल्यास हा मार्ग अधिकच सोपा होतो. खिळा रुतलेला असला तरी तोच छिद्राचे तोंड बुजवून धरत असतो आणि हवा सावकाश जाते. म्हणून रस्त्यात खिळा उपसून काढण्याचा मोह टाळावा. हवा भरून घेत घेत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता आले, तर चाक बदलण्याची वेळच येत नाही.

वेगाचे गणित

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची, तर नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. ताशी १२० म्हणजे ३३ मीटरहून अधिक. समोर उभी गाडी दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच वाहन ४० ते ५० मीटर पुढे आलेले असते. प्रत्यक्ष ब्रेक लागून गाडी थांबण्याचे अंतर त्यापुढचे. रस्ता ओला असेल, वाहन जड असेल किंवा चालक पेंगुळलेला असेल, तर ते आणखी वाढते.

या गणितावरूनच धोक्याच्या तांबड्या त्रिकोणाची जागा ठरते. गाडीसोबत मिळणारा हा परावर्तक त्रिकोण अनेकांच्या डिकीत वेष्टनासह पडून असतो, अथवा काढलाच तर गाडीच्या बंपरला टेकवून ठेवला जातो. गाडीपासून दोन पावलांवर ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग शून्य. शहरातील संथ रस्त्यावर तो किमान ३० ते ५० मीटर मागे आणि महामार्गावर १०० मीटर किंवा त्याहून अधिक मागे असावा. एक साधे पाऊल पाऊण मीटरचे धरले, तर १०० मीटर म्हणजे सुमारे १३० पावले. मागे वळण असेल, तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्या वाहनाला वळण घेण्याआधी दिसेल असा ठेवावा. तो ठेवायला जाताना तोंड येणाऱ्या वाहनांकडे असावे आणि चालणे रस्त्यावरून नव्हे, तर कडेच्या कठड्यापलीकडून असावे. तशी जागाच नसेल, तर त्रिकोणाचा नाद सोडावा. झाडाच्या फांद्या आणि दगड मांडून ठेवण्याची आपल्याकडील पद्धत मात्र निंद्य आहे. काम संपल्यावर ते दगड तसेच राहतात आणि रात्री एखाद्या दुचाकीस्वाराचा घात करतात.

आधी माणसे, मग चाक

गाडी थांबताच पार्किंगचे दिवे चालू ठेवून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन बंद करावे. सर्व प्रवाशांना डाव्या बाजूच्या दारांनी उतरवावे. लहान मुले आणि वृद्ध यांना 'पावसात कशाला' म्हणून आत बसवून ठेवणे दुहेरी धोक्याचे आहे. मागून धडक बसली तर त्यांनाच इजा होते, आणि गाडी जॅकवर असताना आतली हालचाल तिला ढळवू शकते. प्रवाशांनी गाडीच्या पुढे वा मागे नव्हे, तर रस्त्यापासून दूर, शक्य तर लोखंडी कठड्यापलीकडे आणि गाडीच्या थोडे मागच्या अंगाला उभे राहावे. तेथे उभे राहिल्यास धडकेने पुढे ढकलली जाणारी गाडी त्यांच्या अंगावर येत नाही. मात्र घाटात कठड्यापलीकडे दरी असते, याचे भान ठेवावे.

शहरांत मदतीच्या बहाण्याने लक्ष विचलित करून गाडीतील बॅग लांबवण्याचे प्रकार घडतात. चाकाशी वाकण्यापूर्वी मौल्यवान वस्तू जवळ घ्याव्यात, काचा वर कराव्यात आणि दारे बंद करून किल्ली खिशात ठेवावी.

केव्हा बदलू नये?

चाक डाव्या बाजूचे असेल, तर काम करणारा माणूस आणि वाहतूक यांच्यामध्ये गाडीची आड असते. उजव्या बाजूचे असेल, तर त्याची पाठच वाहतुकीकडे होते. म्हणून महामार्गावर उजव्या बाजूचे चाक बदलायचे असल्यास आणि धावत्या मार्गिकेपासून किमान दोन-तीन मीटर आत जाता येत नसल्यास, ते काम तेथे करूच नये. ब्रिटनमधील 'हायवे कोड' या वाहतूक नियमावलीने मोटरवेवर किरकोळ दुरुस्तीचाही प्रयत्न करू नये आणि तेथे त्रिकोणही ठेवू नये, असे बजावले आहे. तेथील रस्त्यांना असलेल्या मोकळ्या कडा आपल्याकडे सर्वत्र नाहीत, हे पाहता ही सूचना आपल्या द्रुतगती मार्गांनाही लागू पडावी.

अशा वेळी राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या मदत क्रमांकावर, तर कोठेही तातडीची गरज भासल्यास ११२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. इतर मार्गांवरील मदत क्रमांक रस्त्याकडेच्या फलकांवर दिलेले असतात. विमा कंपन्या आणि मोटार उत्पादक यांच्याकडून मिळणारी रस्त्यावरील साहाय्य सेवा अनेकांनी घेतलेली असते, परंतु ऐन वेळी तिचा क्रमांक हाताशी नसतो. तो मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. मदत येण्यास तास लागला तरी कठड्यापलीकडे उभे राहून काढलेला तो तास वाया गेला असे समजू नये. तीव्र उतार, भुसभुशीत मुरूम किंवा चिखल, दाट धुके, कोसळता पाऊस आणि जॅक वा पान्यातील बिघाड हीसुद्धा काम हाती न घेण्याची पुरेशी कारणे होत.

गाडी जागच्या जागी

जागा सुरक्षित आहे असे ठरले, की मग हत्यारांकडे वळावे. स्टेपनी, जॅक, जॅकचा दांडा आणि व्हील पाना एवढे साहित्य साधारणपणे डिकीच्या तळाशी असते. इनोव्हासारख्या मोठ्या गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते आणि दांड्याने फिरकी फिरवून ती खाली सोडावी लागते. बोलेरोसारख्या गाडीत ती मागच्या दारावर असते. गाडी जॅकवर घेण्यापूर्वीच स्टेपनी बाहेर काढावी. उचललेल्या गाडीची डिकी उपसणे म्हणजे तिला धक्के देणे होय.

गाडी जागेवर रोखण्यासाठी हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी. सपाट जागी किंवा चढाच्या दिशेने तोंड असल्यास पहिला, उताराच्या दिशेने असल्यास रिव्हर्स. ऑटोमॅटिक गाडीत 'पी' ही स्थिती निवडावी. एवढ्यावर विसंबून राहता येत नाही, आणि त्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. गाडीच्या चालक चाकांच्या जोडीत डिफरन्शिअल नावाची दंतचक्रांची रचना असते. तिच्यामुळे जोडीतील दोन्ही चाके निरनिराळ्या गतीने फिरू शकतात. त्यांपैकी एक चाक हवेत उचलले गेले, की ते मोकळे फिरू लागते आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला गिअरने घातलेला बांध सुटतो. हँडब्रेक बहुतेक मोटारींत फक्त मागच्या चाकांवर चालतो. त्यांपैकी एक चाक उचलले, तर त्याचीही अर्धीच पकड उरते.

म्हणून चाकांना दगड वा लाकडी ठोकळा लावणे अनिवार्य ठरते. जे चाक बदलायचे त्याच्या तिरक्या बाजूचे चाक, म्हणजे पुढचे डावे बदलायचे असेल तर मागचे उजवे, पुढून आणि मागून अशा दोन्ही अंगांनी अडवावे. गोल गोटे निसटतात. त्याऐवजी चपट्या कडेचे दगड अथवा विटा वापराव्यात. लाकडाचे दोन त्रिकोणी ठोकळे करून डिकीत टाकून ठेवले, तर दगड शोधत रस्त्यावर फिरण्याची वेळ येत नाही.

नट आधी, जॅक नंतर

चाक बदलताना सर्वाधिक होणारी चूक क्रमाची असते. गाडी आधी उचलून मग घट्ट नटांशी झटापट केली, तर चाक फिरत राहते आणि त्या हिसक्यांनी गाडी जॅकवरून घसरू शकते. त्यामुळे चाक जमिनीवर असतानाच सर्व नट अर्धा ते एक वळसा सैल करावेत. व्हील कॅप असल्यास ती पान्याच्या चपट्या टोकाने उचकटावी. पाना नटावर पूर्ण आत बसवून त्याचा दांडा डाव्या बाजूला जमिनीशी साधारण समांतर येईल असा धरावा आणि खाली दाबावा, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जोर लागतो. हातांनी नट हलत नसेल, तर पायाने सावकाश भार द्यावा. उड्या मारू नयेत. पाना निसटला तर घोट्याला किंवा नडगीला जबर मार बसतो. या टप्प्यावर नट पूर्ण काढायचे नाहीत.

अलॉय व्हील असलेल्या काही गाड्यांत चोरीपासून संरक्षण म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या आकाराचा असतो आणि तो उघडण्यासाठी खास जोडतुकडा लागतो. हा तुकडा घरी राहिला, की बाकी सारे साहित्य निरुपयोगी ठरते.

जॅक कोठे लावावा?

मोटारीच्या तळाचा प्रत्येक भाग तिचे वजन पेलू शकत नाही. दारांच्या खालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या किंचित मागे आणि मागच्या चाकाच्या किंचित पुढे, जॅकसाठी मजबूत जागा दिलेल्या असतात. त्यांवर बहुधा खाचा किंवा बाण असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत त्यांचे चित्र असते. प्लॅस्टिकच्या झालरीला, तेलाच्या टाकीला किंवा पत्र्याच्या पातळ भागाला जॅक लावल्यास तो भाग चेपतो आणि गाडी कलंडते.

जॅकचा तळ जमिनीवर पूर्ण टेकलेला आणि जॅक उभा सरळ असावा. जमीन मऊ असेल, तर खाली जाड, रुंद फळी घालावी. विटांची चळत अथवा नुसता दगड मुळीच चालणार नाही. दांडा फिरवत जॅकचे डोके खाचेत नीट बसले याची खात्री करावी आणि मग गाडी उचलावी. पंक्चर चाक जमिनीपासून दोन-तीन बोटे सुटले, की थोडे आणखी वर घ्यावे, कारण हवा भरलेले चाक आकाराने मोठे असते. गाडी तिरकी होऊ लागली, तर तिला हाताने सावरण्याचा प्रयत्न न करता दूर व्हावे. शक्य असल्यास जॅक खाली घेऊन पुन्हा आरंभ करावा.

गाडीसोबतचा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता बनवलेला असतो. त्याच्या भरवशावर शरीराचा कोणताही भाग गाडीखाली घालू नये. नट खाली घरंगळला तर तो काठीने ओढावा. सुरक्षेचा एक सोपा उपाय म्हणजे जॅकच्या शेजारी, गाडीच्या कडेखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवणे. जॅक सरकलाच तर गाडी जमिनीवर आदळण्याऐवजी त्या चाकावर विसावते.

काढणे आणि बसवणे

आता सैल केलेले नट पूर्ण काढून एखाद्या फडक्यावर किंवा व्हील कॅपमध्ये एकत्र ठेवावेत. चाक दोन्ही हातांनी, कंबरेऐवजी गुडघ्यात वाकून सरळ बाहेर ओढावे. छोट्या मोटारीचे चाकसुद्धा सुमारे १५ किलो वजनाचे असते, मोठ्या गाड्यांचे त्याहून बरेच जड. गंजामुळे चाक चिकटले असेल, तर उचललेल्या गाडीला धक्के देऊ नयेत. नट हातानेच परत काही वळसे लावावेत आणि गाडी सावकाश चाकावर उतरवावी. तिच्या वजनाने बहुधा चाक सुटते. काढलेले चाक लगेच गाडीच्या कडेखाली सरकवावे आणि तेथील स्टेपनी बाहेर घ्यावी.

स्टेपनी बसवताना रिमची टेकणारी बाजू आणि हबचा पृष्ठभाग फडक्याने पुसून घ्यावा. मधे खडा किंवा चिखल राहिला तर चाक वरवर घट्ट वाटते, पण चालताना सैल होते. स्टेपनी स्टडवर चढवावी. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांत स्टडऐवजी बोल्ट असतात. तेथे चाक उचलून धरत छिद्राला छिद्र जुळवावे लागते. त्यासाठी पायाच्या पुढच्या भागावर चाक तोलून धरल्यास काम सोपे होते. साध्या लोखंडी रिमसाठीच्या नटांची निमुळती बाजू रिमकडे असावी. सर्व नट आधी हाताने लावावेत. आटे तिरके बसले तर ते हाताला लगेच कळते, पान्याला कळत नाही. आट्यांवर तेल किंवा ग्रीस लावू नये.

किती घट्ट?

नट गोलाकार क्रमाने एकामागून एक आवळले, तर चाक एका बाजूला कलते. चार नट असल्यास समोरासमोरचे, पाच असल्यास एक सोडून एक, म्हणजे पंचकोनी तारा काढताना पेन्सिल जशी फिरते त्या क्रमाने आवळावेत. गाडी हवेत असताना ते बेताने आवळून घ्यावेत, मग स्टेपनीला टेकू म्हणून ठेवलेले जुने चाक बाहेर काढून जॅक उतरवावा आणि चाक जमिनीला टेकल्यावर त्याच क्रमाने पक्के करावेत.

बहुतेक छोट्या व मध्यम मोटारींच्या नटांना ८५ ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान पीळ लागतो. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. रस्त्यात मोजमापाचे साधन नसते, परंतु अंदाज बांधता येतो. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ४० किलोंचा भार दिला, तर जवळपास १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. याचा अर्थ दोन्ही हातांनी भरपूर जोर लावणे पुरेसे आहे. सत्तर किलो वजनाचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला, तर पीळ १७० न्यूटन-मीटरच्या घरात जातो. त्याने स्टड ताणले जातात आणि पुढच्या वेळी नट निघेनासा होतो. कमी आवळलेले चाक निखळते, तर अति आवळलेला स्टड तुटतो. म्हणून सुमारे ५० ते ८० किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासावेत आणि पहिल्या संधीस गॅरेजमध्ये योग्य पीळ देऊन घ्यावा.

निघण्यापूर्वी हत्यारे, त्रिकोण आणि चाकांना लावलेले दगड यांची मोजदाद करावी. दगड रस्त्यावरून दूर टाकावेत. पहिले एक-दोन किलोमीटर सावकाश जावे. थरथर किंवा टकटक जाणवल्यास ताबडतोब थांबून पाहावे.

स्टेपनी: नाव आणि नियम

'स्टेपनी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो मूळचा एका रस्त्याचे नाव आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लॅनेली या गावी थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी भावाच्या साथीने १९०४ मध्ये हवा भरलेला टायर चढवलेली, आऱ्या नसलेली रिम तयार केली. पंक्चर चाकावरच ती पकडीने अडकवता येई. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, त्यावरून हे नाव पडले. इंग्लंडात आज ते जवळपास विस्मृतीत गेले. आपल्याकडील गॅरेजांत मात्र ते टिकून आहे.

या जादा चाकाचे स्थान आता डळमळीत होत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्ती संच असल्यास स्टेपनी देणे बंधनकारक नाही. अशा संचातील द्रव टायरमध्ये सोडून छोट्या पंपाने हवा भरली, की तळव्यातील बारीक छिद्र तात्पुरते बुजते. टायरची बाजू चिरली असेल, तर त्याचा उपयोग होत नाही. शिवाय या द्रवाला मुदत असते. गाडी घेताना स्टेपनी आहे की संच, हे विचारून घ्यावे.

काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा अरुंद किंवा लहान असते. तिच्यावर साधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचण्यापुरतीच आहे, गोव्यापर्यंत जाण्यासाठी नव्हे.

अंगणातील तालीम

रस्त्यावर हाती लागणारी स्टेपनी बहुतेकदा स्वतःच बसलेली असते, ही चाक बदलण्यातील सर्वांत मोठी विटंबना होय. न वापरलेल्या चाकातूनही हवा हळूहळू झिरपते. महिन्यातून एकदा पेट्रोल पंपावर चार चाकांबरोबर पाचव्यातही हवा भरून घ्यावी. तिचा दाब इतर चाकांपेक्षा दोन-तीन पौंड अधिक ठेवणे सोयीचे, कारण जास्तीची हवा काढता येते, कमी पडलेली रस्त्यात भरता येत नाही. अगदी अरुंद, तात्पुरत्या प्रकारच्या स्टेपनीला मात्र सुमारे ६० पौंड दाब लागतो आणि तो तिच्यावरच छापलेला असतो. सीएनजीची टाकी बसवलेल्या गाड्यांत स्टेपनी टाकीआड गेलेली असते अथवा काढून घरी ठेवलेली असते, तीही तपासावी.

टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. न धावताही रबर जुने होते, हे ध्यानात घेता या आकड्याकडे अधूनमधून पाहावे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली, की टायर बदलणे कायद्यानेही आवश्यक ठरते. खाचांमधील उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, म्हणजे ती मर्यादा गाठली असे समजावे.

आणि शेवटची, सर्वांत उपयोगी सूचना. एखाद्या सुटीच्या सकाळी सोसायटीच्या आवारात, सपाट जागी, घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा चाक काढून पुन्हा बसवावे. गॅरेजमध्ये यंत्राने आवळलेला नट हाताने सुटतो का, जॅकचा दांडा कोठे अडकतो, खास नटाचा जोडतुकडा जागेवर आहे का, हे त्या अर्ध्या तासात कळून येते. डिकीत हातमोजे, विजेरी, जुनी गोणी, लाकडी फळी, दोन ठोकळे आणि परावर्तक जाकीट एवढी जोड दिली, की तयारी पुरी होते. ज्याने हे काम दिवसाउजेडी एकदा केले आहे, त्याला घाटातील अंधारात घाई होत नाही. आणि जागा सुरक्षित नाही हे दिसताच, गाडी तशीच सोडून कुटुंबासह कठड्यापलीकडे जाऊन उभे राहण्याचा निर्णयही तोच शांतपणे घेऊ शकतो.